तळ्याकाठी तंबू: जागा, चुका आणि एक हरवलेली खुंटी

अर्धवट भटक्या | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, परवाच्या शनिवारी आम्ही तिघं (मी, मेव्हणा आणि माझी सहावीतली लेक) भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत एक रात्र काढून आलो. पुण्याहून दुपारी बाराला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेतीनला. तंबूचे घडीचे दांडे माळ्यावरच राहिलेत हे मेव्हण्याला वाटेत आठवलं. आळेफाटा, कोतूळ, राजूर करत धरणाजवळच्या शेंडी गावात पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. नाक्यावर पावती फाडली. मुरशेतच्या बाजूला तंबूंच्या रांगा आणि गाण्यांचा धुडगूस असतो असं ऐकलं होतं, म्हणून ती बाजू सोडून रतनवाडीच्या दिशेने निघालो. वाटेत एका वळणावर खाली पाणी चमकताना दिसलं. माणूस नाही, दिवा नाही. म्हटलं, हीच जागा.

उतरून गेलो तर काय सुंदर सपाटी! माती इतकी मऊ की खुंट्या नुसत्या हाताने आत गेल्या, हातोडीला दगड शोधावाच लागला नाही. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पाण्यापासून दहा पावलांवर तंबू लावला, खिचडी केली, आकाश बघितलं. इतके तारे लेकीने पहिल्यांदाच पाहिले. "बाबा, हे रोज असतात?" या प्रश्नावर आम्ही दोघं बाप्ये थोडा वेळ गप्पच बसलो.

मग थंडी सुरू झाली. रात्री दोनला घड्याळ सात अंश दाखवत होतं. तीनच्या सुमाराला छतावरून थेंब पडायला लागले. आभाळ निरभ्र आणि तंबूत पाऊस! झोपपिशव्या ओल्या, पाय गारठलेले. पलीकडच्या तीरावर कोल्हेकुई चालू होती, तेवढं एक सुख.

सकाळी साडेसहाला बाहेरून आवाज आला, "आरं, माह्या हरबऱ्यात निजलाय व्हय?"

आम्ही कोणाच्या तरी शेतात झोपलो होतो. वीतभर उगवलेला हरभरा रात्री बॅटरीच्या उजेडात आम्हाला गवत वाटला होता. आजी सत्तरीच्या असतील. ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. तेच जास्त लागलं. मी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. उलट लेकीच्या ओंजळीत हरभऱ्याचा पाला दिला आणि भाजी कशी करायची ते सांगितलं. घरी येऊन खुंट्या मोजल्या तर बारातल्या अकराच.

तर प्रश्न असे. पाण्याच्या इतक्या जवळ शेत कसं? तंबूत पाऊस का पडला? आणि कोणाच्या पिकात न झोपता, गोंगाटाशिवाय, डोंगरातल्या जंगलात तळ्याकाठी रात्र काढता येईल अशी जागा सह्याद्रीत उरली आहे का?

---

काकूबाई जोमात | रात्री ९:५८

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. दांड्यांशिवाय निघालेला मेव्हणा प्रत्येक घरात एक असतो. आमच्याकडे तो नवरा आहे.

---

नागलीची भाकर | रात्री १०:३१

भटक्याभाऊ, मी अकोले तालुक्यातलाच. सध्या नाशिकला नोकरी करतो. तुम्ही झोपलात त्या जमिनीला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. पावसाळ्यात धरण भरतं. पुढे आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडायचं पाणी, सुटली की पाणी उतरायला लागतं आणि काठाची जमीन उघडी पडते. वर्षभराचा गाळ आणि खाली ओल, त्यामुळे एकही पाणी न देता हरभरा, मसूर, गहू येतो. ही जमीन पाटबंधारे खात्याची. हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतात, ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांना आधी. म्हणजे आजी ज्या तुकड्यावर हरभरा लावतात तो बहुतेक त्यांच्याच घराण्याच्या जुन्या जमिनीपैकी असेल, फक्त वर्षातले काही महिने पाण्याबाहेर येणारा.

धरणाचं काम १९१० ला सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं. कागदावर त्याचं नाव विल्सन डॅम आणि जलाशयाचं आर्थर लेक. पण गावात कोणाच्या तोंडून 'आर्थर' ऐकलंत तर मला कळवा. आम्ही धरणच म्हणतो. ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. ते खाली जातं राहाता-श्रीरामपूरच्या उसाला. वरच्या वाड्यांत मे महिन्यात बायका हंडा घेऊन विहिरीत उतरतात. तुम्ही ताऱ्यांबद्दल लिहिलंत ते छान आहे, पण तिथे "माणूस नाही, दिवा नाही" ते का नाही हेही माहीत असावं म्हणून लिहिलं. राग मानू नका.

आणि हो, पुढच्या वेळी उजेडात या. अंधारात आम्हालाही बांध दिसत नाही.

---

अर्धवट भटक्या | रात्री १०:५०

राग कसला, उलट आभार. गाळपेर हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला, आणि तोही त्यात झोपून आल्यावर.

---

ओलंचिंब | मंगळवार, सकाळी ७:१२

तंबूतल्या पावसाचं उत्तर मी देतो. माझं नाव उगाच पडलेलं नाही.

तो पाऊस तुमच्याच श्वासाचा होता. तीन माणसं रात्रभर दमट हवा सोडतात, वर ओले मोजे, वर खिचडीचं उरलेलं भांडं आत. तंबूचं कापड बाहेरून गार झालं की ती वाफ आतून त्याला चिकटते आणि थेंब होऊन पडते. पाण्यापासून दहा पावलांवर हवा आधीच ओलीने भरलेली असते, म्हणजे काम निम्मं तिथेच झालं.

दुसरं, थंडी. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून ओघळत खाली येते आणि खोलगटात साठते. तळं हा त्या खोऱ्यातला सगळ्यात खोल भाग. तुम्ही नेमके त्या हौदाच्या तळाशी जाऊन झोपलात. पंधरा-वीस मीटर वर एखाद्या सपाटीवर गेलात तर दोन-तीन अंशांचा फरक सहज जाणवतो. काठावरून दिसणारं दृश्य सकाळी चहा घेताना बघावं, झोपायला वर जावं.

उपाय: थंडी वाजते म्हणून सगळ्या चेना लावून घ्यायच्या नाहीत. वरच्या खिडक्या आणि दाराची वरची फट उघडी ठेवायची. बाहेरचं आवरण आतल्या जाळीला टेकू द्यायचं नाही, ताणून बांधायचं. झोपपिशवीपेक्षा खालच्या चटईवर पैसे घाला, कारण अंगाखालची पिशवी दबते आणि जमीन ऊब खेचून घेते. पिशवीवर जो आकडा मोठ्या अक्षरात छापतात तो बहुतेकदा "यात तुम्ही मरणार नाही" असा असतो. "यात झोप लागेल" तो आकडा बारीक अक्षरात असतो, तो वाचा.

---

डॉ. कांदेपोहे | सकाळी ८:४५

ओलंचिंब यांना अनुमोदन, आणि एक भर. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल तंबूत घेऊन बसणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं जड होतं, मग झोप येते, आणि ती उतरत नाही. विझत आलेले निखारेसुद्धा आत नकोत.

सापांबद्दल कोणी विचारलं नाही, तरी लिहितो. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार या चार विषारी सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. तंबूवाल्यांनी मण्यार लक्षात ठेवावा. तो रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावतो, आणि दंश इतका बारीक असतो की बऱ्याचदा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाही असं कोणी म्हणालं तर "खिचडी बाधली" म्हणून बसू नका. चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिक, सगळं टाळा. हातपाय न हलवता माणसाला दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. तंबू टाकायच्या आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे का ते विचारून ठेवा, आणि फोनला रेंज कुठल्या वळणावर येते तेही.

जाळीची चेन कायम बंद. बूट आत. रात्री उठलात तर बॅटरी आधी, पाय नंतर.

---

शंभर टक्के मोकळा | सकाळी ९:२०

इतके नियम पाळायचे तर घरीच झोपा ना राव. आम्ही वीस वर्षं कुठेही पथारी टाकतोय. परवानगी नाही, पावती नाही, तंबूही नाही. काही होत नाही. जंगल काय कोणाच्या बापाचं आहे का?

---

नागलीची भाकर | सकाळी ९:४४

आमच्या बापाचं होतं. मग अभयारण्य झालं.

---

काकूबाई जोमात | सकाळी ९:४६

_/\_

---

शिवसागर खाली | दुपारी १:०५

धागा वाचत होते, लिहिणार नव्हते. भाकरदादांचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

माझे आजोबा कोयना खोऱ्यातले. आज जिथे शिवसागर जलाशय आहे तिथे त्यांचं गाव होतं. धरण झालं, पाणी १९६० च्या दशकात चढलं आणि गाव उठलं. आमचं घराणं रायगड जिल्ह्यात येऊन पडलं. डोंगरात भात आणि नाचणी करणारी माणसं खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात आली. आजी म्हणायची, "पाणी गोड होतं, म्हणून तर घेतलं."

मी दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा तिकडे गेले. बामणोलीहून लाँचने वासोटा किल्ल्याला. दीड तास नुसतं पाणी आणि दोन्हीकडे दाट झाडी, एकही घर नाही. लाँचमधला एक मुलगा म्हणाला, "किती व्हर्जिन आहे ना!" मी काही बोलले नाही. आमचं गाव कुठेशी असेल ते नावाड्याला विचारलं. त्याने इंजिन बंद केलं आणि हाताने खाली दाखवलं. बस, एवढंच.

भटक्या यांच्या प्रश्नाचं उत्तर: शिवसागराच्या त्या बाजूला मुक्काम करता येत नाही. कोयना १९८५ पासून अभयारण्य आहे, आणि २०१० ला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सकाळी जायचं, किल्ला बघायचा, संध्याकाळच्या आत लाँचने परत. जाताना वनखात्याचे लोक पिशवीतल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि येताना तेवढ्याच परत दाखवाव्या लागतात. पूर्वी लोक खाली जंगलात तंबू टाकायचे, ते बंद झालं. मला ते बरोबर वाटतं. माणसं उठवून जंगल राखलं, तर निदान ते राखलेलं तरी राहू दे. मुक्काम करायचा तर अलीकडच्या तीरावर, बामणोली-तापोळ्याकडे गावात घरगुती सोय होते, अंगणात तंबूही लावू देतात.

---

अर्धवट भटक्या | दुपारी १:३०

ताई, "हाताने खाली दाखवलं" इथे थांबलो. पुढचं जरा वेळाने वाचलं.

---

दगडधोंडे | दुपारी ३:१५

मूळ प्रश्नात एक गृहीतक आहे, ते आधी काढतो. सह्याद्रीत नैसर्गिक डोंगरी तळी जवळपास नाहीतच. हिमालयात हिमनद्यांनी खड्डे कोरले, वाहून आणलेल्या दगडमातीचे बांध घातले, दरडी कोसळून नद्या अडल्या, म्हणून तिथे ताल, म्हणजे तळी, आहेत. आपल्याकडे हिमनदी कधी आली नाही. लाव्ह्याचे थरावर थर, आणि पाऊस पडला की पाणी चार तासांत कोकणात. आपण ज्यांना तळी म्हणतो ती माणसाने अडवलेली आहेत. महाबळेश्वरचं वेण्णा लेक १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवलं. कासचा तलाव सातारा शहराला पाणी पाजतो. पवना, मुळशी, भंडारदरा, कोयना, सगळी धरणं. लोणार नैसर्गिक आहे, पण ते उल्केने केलं, आणि तिथे तंबू टाकायचा विचारही करू नका.

त्यामुळे सह्याद्रीत 'निर्जन तळं' शोधणं म्हणजे बहुतेक वेळा उठवलेलं गाव शोधणं. शिवसागरताईंनी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं आहे.

---

पवनाकाठचा | दुपारी ४:०२

आमच्याकडे या की! फक्त निर्जन नाही. शनिवारी रात्री आमच्या तीरावर इतके तंबू असतात की पलीकडच्या तंबूतला घोरतो ते इकडे ऐकू येतं. घोरणं ऐकू आलं तर नशीब, कारण डीजे बंद झालेला असतो.

खरं सांगायचं तर गावातल्या पोरांना यातून पैसा मिळतोय, तो नको असं मी म्हणणार नाही. माझा चुलतभाऊ आधी पुण्यात रखवालदार होता, आता स्वतःच्या जमिनीवर चाळीस तंबू लावतो. पण दरवर्षी कोणी ना कोणी दारू पिऊन पाण्यात उतरतं. धरणाचा काठ समुद्राच्या पुळणीसारखा सरळ उतरत नाही. आत जुने बांध आहेत, विहिरी आहेत, गाळ आहे. गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं तेव्हा येऊन बघा, तळाशी काय काय आहे ते कळेल. पोहायचं असेल तर आमच्या विहिरीत पोहा, दोर लावून देतो.

---

एकटी पण फटाकडी | संध्याकाळी ६:२०

सगळ्या पुरुषांनी तारे, साप आणि इतिहास यावर लिहिलं. शौचाचं कोणीच लिहिलं नाही. मी लिहिते.

पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब जायचं. हे पाणी खाली कोणीतरी पितं. लहान खुरपं जवळ ठेवायचं, वीतभर खोल खड्डा, काम झालं की माती लोटायची. ओले पुसणे (वेट वाइप्स) मातीत अजिबात पुरायचे नाहीत, त्यात प्लास्टिकचे धागे असतात, वर्षानुवर्षं तसेच राहतात. सॅनिटरी पॅडसुद्धा घट्ट पिशवीत घालून परत घरी. भांडी तळ्यात घासायची नाहीत. पाणी आणून लांब जाऊन घासायची, आणि राखेने घासली तर साबणही लागत नाही.

बायकांच्या सुरक्षिततेबद्दल: मी एकटी जाते. निर्जन जागा मला सुरक्षित वाटते हे खरं, पण अर्धी निर्जन जागा नाही, जिथे रस्त्यावरून गाडी थांबवून चार टोळभैरव उतरू शकतात. म्हणून मी गावात जाऊन एखाद्या घरी विचारते, "मावशी, अंगणात किंवा वावरात तंबू लावू का?" आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही. जेवणाचे आणि जागेचे पैसे आधी ठरवते. रात्री मावशी दोनदा डोकावून जाते. याला कोणी 'खरं कॅम्पिंग' म्हणत नसेल तर न म्हणो.

---

ओस्लोची थंडी | संध्याकाळी ७:४८

"जंगल कोणाच्या बापाचं" म्हणणाऱ्यांसाठी नॉर्वेतून. इथे खरोखर कोणाच्याही जंगलात तंबू लावता येतो, १९५७ च्या कायद्याने तो हक्क दिला आहे. पण त्याच कायद्यात हेही आहे की राहत्या घरापासून १५० मीटर लांब, एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं तर मालकाची परवानगी, आणि लावलेल्या शेतात पाय ठेवायचा नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी बंद. ओस्लोला लागून मारिडाल्सव्हानेट नावाचं मोठं तळं आहे, डोळ्यांचं पारणं फिटावं असं. शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं, म्हणून त्यात पोहायलाही बंदी. लोक काठाने चालतात, बघतात, पुढच्या तळ्यावर जातात. मोकळेपणाचा देश म्हणतात तो असा.

सुरुवातीला मलाही हे जाचक वाटायचं. आता पुण्यात आलो की खडकवासल्याच्या काठावरची कणसं आणि कचरा बघवत नाही.

---

गढवाली जावई | रात्री ८:३०

डेहराडूनला असतो, सासर उत्तरकाशीचं. खरं जंगलातलं तळं हवं असेल तर आमच्या दोडीतालला या. अगोडा गावातून चढत जायचं, वाटेत बांज (ओक) आणि बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन), वर तीन हजार मीटरवर देवदारांच्या गर्दीत हिरवं पाणी. गणपतीचं जन्मस्थान म्हणतात, त्यामुळे मराठी माणूस भेटतोच. पाण्यात ट्राऊट आहेत, इंग्रजांच्या काळात सोडलेले. पकडायला परवाना लागतो. तंबू लावायला वनखात्याची परवानगी काढा, स्थानिक वाटाड्या घ्या. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

एक लक्षात ठेवा. खालची असी गंगा दिसायला ओढा आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये तिला पूर आला तेव्हा तिने पूल आणि रस्ते नेले. पावसाळ्यात येऊ नका, नदीच्या पात्रात तंबू कधीच नको. आणि दयारासारख्या बुग्यालांवर, म्हणजे वरच्या कुरणांवर, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने रात्रीचा मुक्काम बंद केला. गवत इतकं दबलं होतं की पुन्हा उगवेना. आमचे सासरे म्हणाले, मेंढ्यांनी शेकडो वर्षांत जे केलं नाही ते तंबूंनी दहा वर्षांत केलं.

---

झाडीपट्टी | रात्री ९:१०

आमच्याकडे नवेगाव बांध आहे न भाऊ. सात डोंगरांच्या मधात तलाव, कोलू पाटील कोहळीनं अठराव्या शतकात बांधला. आमच्या भंडारा-गोंदियात असे तलाव लय, कोहळी लोकांची कारागिरी. नागझिऱ्यालाबी जंगलात मस्त तलाव आहे. पण तंबू नाही बरं का, तिथं वाघ पाणी प्यायला येते. वनखात्याच्या खोलीत राहा. वीज नाही, मेणबत्ती आहे. रात्री सांबराचा आवाज आला की झोप आपोआप उडते.

---

काजवा बाटलीत नको | बुधवार, सकाळी ७:३५

भंडारदरा म्हटलं की पुढचा प्रश्न मे अखेरीस येणारच, म्हणून आताच. वळवाचा एखादा सडाका झाला की जूनच्या पावसापर्यंत तिथे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लागतात. अख्खं झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. ती लय म्हणजे नरांचं माद्यांना बोलावणं. आपण गाडीचे दिवे झाडावर मारतो तेव्हा ते बोलावणं तिला दिसतच नाही. प्रौढ काजव्याला जगायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, त्यातल्या शनिवार-रविवारच्या रात्री आपण घालवतो. झाडाखालची जमीनही तुडवू नका, माद्या आणि अंडी तिथेच असतात.

काजव्यांसाठी जायचं तर मधल्या वारी जा, गाडी गावात ठेवा, चालत जा. बॅटरीवर लाल कागद लावा. मोबाईलमध्ये तसंही काही येत नाही, काळ्या चौकोनात दोन ठिपके येतात.

---

शंभर टक्के मोकळा | सकाळी १०:०५

ठीक आहे. काल जरा जास्त बोललो. नागलीची भाकर, तुमच्या गावाकडे यायचं झालं तर कोणाला विचारायचं?

---

नागलीची भाकर | सकाळी १०:२२

पहिल्या घरी. चहा आधी मिळेल, जागा नंतर. सोबत काही आणायचं असेल तर दारू नको, पोरांसाठी वह्या चालतील. आणि आमच्याकडे नागलीची भाकरी आणि ठेचा मागून खा. पनीर मागणाऱ्याला जागा मिळत नाही.

---

अर्धवट भटक्या | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:१५

धागा वर आणतोय. काल पुन्हा जाऊन आलो. या वेळी दुपारी तीनला पोचलो. दांडे मेव्हण्याने नव्हे, लेकीने गाडीत ठेवले होते.

आधी आजींचं घर शोधलं. सोपं होतं, "ज्यांच्या हरबऱ्यात पुणेवाले निजले" एवढं म्हटल्यावर पहिल्याच पोराने हसत बोट दाखवलं. आम्ही बऱ्यापैकी प्रसिद्ध झालो आहोत. आजींनी घरामागच्या उंच टेपाडावर जागा दिली, एका जुन्या आंब्याखाली. तिथून सगळं पाणी दिसतं आणि पलीकडे रतनगड. जेवायला नागलीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, आमच्या अंगाखालून वाचलेल्या हरभऱ्याची. या वेळी पैसे त्यांच्या सुनेने आधीच ठरवून घेतले, त्यामुळे अवघडलेपण गेलं.

ओलंचिंब, तुमचं शंभर टक्के खरं. तळं तेच, खोरं तेच, पण टेपाडावर अकरा अंश आणि तंबू आतून कोरडा. पहाटे उठून बघितलं तर खाली, जिथे आम्ही मागच्या वेळी झोपलो होतो, बरोब्बर तेवढ्याच पट्ट्यात धुकं साचलेलं.

पाणी तीन आठवड्यांत बरंच मागे गेलं आहे. आमच्या तंबूची जागा आता पाण्यापासून शंभरेक पावलांवर आहे आणि मध्ये नवा हरभरा उगवलाय. संध्याकाळी आजी लेकीला घेऊन खाली गेल्या, दगडांची एक रांग दाखवली. म्हणाल्या, ही त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वावराची ताल, म्हणजे दगडी बांध. धरण होऊन शंभर वर्षं होत आली आणि बांध अजून सरळ आहे. लेक त्याच्यावरून तोल सांभाळत पार पाण्यापर्यंत चालत गेली. ताल तिथे संपत नव्हती, पाण्यात पुढे जातच होती.

राहता राहिली खुंटी. ती आजींनाच सापडली होती. परत मागावी म्हणून मी आडून विषय काढला तर लेकीने माझा सदरा ओढला आणि गोठ्याकडे बघ म्हणून खुणावलं. खुंटी अंगणात पक्की ठोकलेली होती आणि तिला एक काळं करडू बांधलं होतं.

अकरा खुंट्यांवर तंबू छान उभा राहतो. बाराव्या कोपऱ्याला दगड ठेवायचा.

---

काकूबाई जोमात | रात्री ८:२१

करडाचा फोटो टाका.